इंग्रजी वाङ्मयाचे डॉक्टर होऊं इच्छिणाऱ्यांस

अमेरिकेंतील विद्यापीठांत इंग्रजी वाङ्मयाच्या पीएच्. डी.साठीं प्रवेश मिळावयास एम्. ए.ला किती टक्के गुण असावे लागतात, असा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत तीन निरनिराळ्या वाचकांनीं पत्रानें विचारला आहे. तिन्ही पत्रें वडिलांचीं आहेत. अर्ज करावयाचा आहे तो मुलींनीं. एका पत्रासोबत तर दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिकांच्या प्रतीहि आल्या आहेत. ह्या प्रश्नास आंकड्यानें उत्तर देतां येत नाहीं, आणि तें कां देतां येत नाहीं हें सांगितल्यावांचून पुढचें कांहींच नीट समजणार नाहीं. म्हणून ह्या महिन्याचें पान त्यासच दिलें आहे.

आपल्याकडे प्रवेश म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे गुण, आणि गुण म्हणजे यादींतील क्रमांक. वैद्यकी असो, एंजिनियरिंग असो, सरकारी अधिकाऱ्याची जागा असो, यादी लागते, तिच्यांत कोठें तरी एक रेघ पडते, आणि रेघेच्या वर नांव असलें म्हणजे कार्य झालें. घरांतील वडील माणसांची दृष्टि ह्याच हिशेबावर तयार झालेली असते, व त्यांत त्यांचा दोष नाहीं. परंतु अमेरिकेंतील इंग्रजीच्या विभागांत अशी यादी लागत नाहीं. विभागांतीलच कांहीं प्राध्यापकांची एक समिति बसते. नामांकित ठिकाणीं आठ-दहा जागांसाठीं कित्येक शें अर्ज आलेले असतात. ते अर्ज हे प्राध्यापक वाचतात, आणि पुढील पांच-सहा वर्षें आपण कोणास शिकवावें, कोणाचा खर्च चालवावा, व कोणाच्या हातीं आपले पहिल्या वर्षाचे वर्ग द्यावे, हें ठरवितात. गुणपत्रिका ते पाहतात, नाहीं असें नाहीं. पण ती दारावरची चौकशी होय. पूर्वी जी. आर्. ई. नांवाची एक सामान्य परीक्षा द्यावी लागे आणि तिच्या जोडीस इंग्रजी वाङ्मयाची निराळी परीक्षा असे. ही दुसरी २०२१ मध्यें बंद झाली, आणि पहिलीहि पुष्कळ विभागांनीं मागण्याचें सोडून दिलें. टोफेल अथवा आयेल्ट्स ही भाषेची परीक्षा परदेशस्थ विद्यार्थ्यांस बहुधा चुकत नाहीं, जरी इंग्रजी माध्यमांतून पदवी घेतलेल्यांस कांहीं विद्यापीठें ती माफ करतात. पण ती उत्तीर्ण होणें ही पात्रता झाली, योग्यता नव्हे. तेव्हां आंकड्यांचा कारभार येथें जवळजवळ आटोपला. उरलें तें लिखाण: उमेदवारानें लिहिलेलें, आणि उमेदवाराविषयीं लिहिलेलें.

ह्या लिखाणांत सर्वांत वजनदार वस्तु म्हणजे नमुन्याचा निबंध. तो साधारणपणें पंधरा ते पंचवीस पानांचा मागतात. आपल्या एम्. ए. झालेल्या मुलामुलींची खरी अडचण येथें आहे. दोन वर्षें त्यांनीं परीक्षेचीं उत्तरें लिहिलेलीं असतात. प्रश्न दुसऱ्यानें काढलेला, वेळ तीन तासांचा, आणि मजकूर पुष्कळदां बाजारांतल्या गाइडांतून पाठ केलेला. एकच प्रश्न स्वतः शोधून काढून, तो वीस पानें सोडावयाचा नाहीं, हा व्यायाम त्यांस कोणीं दिलेलाच नसतो. अलीकडे नव्या शैक्षणिक धोरणामुळें एम्. ए.च्या अभ्यासक्रमांत संशोधन-प्रकल्प आला आहे, ही चांगली गोष्ट झाली. तथापि तो प्रकल्प जसाच्या तसा पाठविण्यांत अर्थ नाहीं. त्यांतील अर्धीं पानें कवीचें चरित्र आणि काळाची सामान्य माहिती ह्यांत गेलेलीं असतात, व तीं समितीस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक असतात.

मी संस्कृत पाठशाळेच्या वळणांत वाढलों, म्हणून मला ह्या निबंधाची बांधणी परकी वाटत नाहीं. शास्त्रग्रंथांत पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धान्त सांगण्याची सोय नाहीं. आणि पूर्वपक्षहि असा मांडावयाचा कीं प्रतिपक्ष्यानें म्हणावें, होय, माझें म्हणणें हेंच. अमेरिकेंतील प्राध्यापकांस ह्याहून फार निराळें कांहीं नको असतें. ह्या कृतीविषयीं आजवर कोणीं काय म्हटलें, त्यांत अडतें कोठें, आणि मूळ शब्द जवळून वाचले असतां निराळें काय दिसतें, हें त्यांस पाहावयाचें असतें. आपले विद्यार्थी टीकाकारांस आप्त समजतात. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटीं एखाद्या इंग्रज पंडिताचें वाक्य आणून उभें करतात आणि तेथें विचार थांबवितात. आप्तवाक्यावर धर्मशास्त्र चालेल, वाङ्मयविचार चालत नाहीं.

उदाहरणच घ्यावयाचें तर हॅम्लेटचें घेऊं. हॅम्लेटची दिरंगाई ह्या विषयावरील निबंध समितीनें शेंकड्यांनीं वाचलेले असतील; त्यांत आणखी एकानें काय होणार? पण गोपाळ गणेश आगरकर १८८२ मध्यें डोंगरीच्या तुरुंगांत होते, तेथें त्यांनीं ह्याच नाटकाच्या भाषांतराचें काम केलें, आणि १८८३ मध्यें तें 'विकारविलसित' ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. राजपुत्राचें नांव काढून त्या जागीं 'विकार' हा शब्द घालणें ही साधी गोष्ट नाहीं. विकार म्हणजे मनोवेग, विकार म्हणजे बिघाड, आणि सांख्यांच्या परिभाषेंत विकार म्हणजे प्रकृतीचें कार्य. ह्यांपैकीं कोणता अर्थ आगरकरांच्या मनांत होता, आणि त्या नांवानें मराठी वाचकाच्या हातीं कोणता हॅम्लेट पडला, हा प्रश्न वीस पानें पुरेल असा आहे. देवलांचा 'झुंजारराव' १८९० चा. तो ऑथेल्लोवरून घेतलेला. तेथेंहि असेच प्रश्न दडलेले आहेत. दोन्ही भाषा येणाऱ्या मुलीस जें दिसेल तें समितींतील बहुतेकांस दिसण्यासारखें नाहीं. मात्र मुलगी पुण्याची म्हणून तिनें पुण्यावरच लिहावें, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. तिचें मन मिल्टनमध्यें रमत असेल तर तिनें मिल्टनवरच लिहावें. आपल्या देशाची वकिली करण्यासाठीं तिला कोणीं बोलावलेलें नाहीं. जातां जातां हेंहि सांगून ठेवतों कीं अशा पुष्कळ विभागांत इंग्रजीखेरीज एक-दोन भाषा वाचतां येण्याची अट असते, आणि संशोधनास उपयोगी अशी संस्कृत किंवा मराठी कित्येक ठिकाणीं त्यासाठीं चालते. ज्या घरांत संस्कृत हें केवळ गुण वाढविण्याचें साधन म्हणून शाळेंत घेऊन दहावीनंतर सोडून दिलें जातें, त्यांनीं ह्याचा विचार करावा.

हल्लीं संगणकाकडून निबंध लिहवून घेण्याची सोय झाली आहे. ती वापरण्याचा मोह होणार हें उघड आहे. ज्यास पुढील सहा वर्षें रोज लिहावयाचें आहे, त्यानें पहिलेंच पान दुसऱ्याकडून लिहवून घेतलें तर दुसऱ्या पानाचें काय करणार, एवढेंच विचारून मी हा विषय सोडतों.

निबंधाच्या खालोखाल येतें उद्देशपत्र. हें साधारण दोन पानांचें असतें. माझ्याकडे वाचावयास आलेल्या उद्देशपत्रांपैकीं बहुतेकांचा आरंभ बालपणापासून होतो. आजोबांचें कपाट, पावसाळ्याची रात्र, हातीं आलेली पहिली इंग्रजी कादंबरी, आणि तेव्हांपासून लागलेली वाचनाची गोडी. हें सारें खरें असेल. पण अर्ज करणाऱ्या प्रत्येकासच वाचनाची गोडी असणार. शेवट विद्यापीठाच्या स्तुतीनें होतो, जणूं कांहीं विद्यापीठास आपण थोर आहों हें ह्या पत्रावरूनच कळावयाचें आहे. आपल्या प्राचीन ग्रंथकारांनीं ह्या कामासाठीं एक फार सुरेख चौकट करून ठेवली आहे. ग्रंथाच्या आरंभीं चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत: विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी. ह्यास अनुबंधचतुष्टय म्हणतात. ज्या मुलीस मी हें समजावून सांगितलें, तिनें आपलें पत्र एका आठवड्यांत निम्मे केलें, आणि उरलेलें निम्मे वाचण्यासारखें झालें.

विषय म्हणजे 'आधुनिक इंग्रजी कादंबरी' नव्हे. तो एक प्रांत झाला. त्या प्रांतांतील कोणत्या शेतांत नांगर धरावयाचा आहे, हें सांगितलें पाहिजे. काळ, प्रकार आणि त्यांतील प्रश्न, असे तिन्ही एका वाक्यांत बसले म्हणजे विषय सुचला असें समजावें. प्रयोजन म्हणजे मला प्राध्यापक व्हावयाचें आहे हें नव्हे. तो प्रश्न सुटला तर ह्या वाङ्मयाविषयीं काय अधिक कळेल, हें प्रयोजन. अधिकार स्वतःच्या तोंडानें सांगावयाचा नसतो, तो केलेल्या कामावरून दिसला पाहिजे. कोणता प्रबंध लिहिला, कोणती भाषा शिकली, कोणत्या दप्तरांत बसून काय पाहिलें. पण ह्या चारांत आपल्या लोकांचें सर्वांत अधिक दुर्लक्ष होतें तें संबंधाकडे. एकच पत्र, विद्यापीठाचें नांव तेवढें बदलून, पंधरा ठिकाणीं पाठवितात. प्रत्यक्षांत विभाग विभागांत फार अंतर असतें. एके ठिकाणीं मध्ययुगीन काव्याचे चार जाणते असतात व वसाहतकालीन वाङ्मयाचा एकहि नसतो, दुसरीकडे उलट. उत्तम उमेदवारासहि नकार येतो, कारण त्याला शिकविणारें तेथें कोणी नसतें, किंवा असतें तें त्याच वर्षीं निवृत्त होतें. यास्तव त्या त्या प्राध्यापकांचें निदान एक पुस्तक किंवा दोन लेख वाचावे, आणि आपला प्रश्न त्यांच्या कामाशीं कोठें जुळतो तें लिहावें. हें काम वेळ खाणारें आहे. म्हणूनच वीस ठिकाणीं अर्ज करूं नये. प्रत्येक अर्जास शंभर डॉलरांच्या आसपास शुल्क पडतें, आणि तें माफ करण्याची सवलत कित्येक विद्यापीठें परदेशस्थांस देत नाहींत, हेंहि एक कारण आहेच.

शिफारसपत्रें तीन लागतात. येथें आपल्याकडील रीत अगदींच निराळी आहे. विभागप्रमुख मोठे म्हणून त्यांचें पत्र घ्यावयाचें. ते म्हणणार, 'तूंच लिहून आण, मी सही करतों'. आणि मुलगी संकोचानें स्वतःस कष्टाळू, सुशील व नियमित म्हणवून घेणार. अशीं तीन पत्रें एकाच हातचीं असल्याचें वाचणारास पहिल्या परिच्छेदांतच कळतें. पत्र लिहिणारा किती मोठा आहे ह्यापेक्षां त्यानें विद्यार्थ्याचें काय वाचलें आहे, ह्यास तेथें किंमत आहे. महाविद्यालयांतील तरुण अध्यापिकेनें, 'हिनें अमुक निबंधांत अमुक मुद्दा काढला, तो मला आधीं पटला नव्हता, नंतर पटला,' असें लिहिलें, तर तें पत्र प्रमुखांच्या दहा ओळींपेक्षां वरचढ ठरेल. पत्र गुप्त असतें, व लिहिणारानें तें संगणकावरून स्वतः पाठवावयाचें असतें. १९७४ च्या एका अमेरिकन कायद्यानें विद्यार्थ्यास आपल्याविषयींचीं कागदपत्रें पाहण्याचा हक्क दिलेला आहे. अर्जांत हा हक्क सोडतां काय, असें विचारतात. सोडावा. न सोडल्यास पत्रावरचा विश्वास कमी होतो. वयस्क गुरुजन ई-मेल महिन्यांतून एकदां पाहतात. त्यांस मुदतीच्या दोन महिने आधीं सांगावें, आणि आठवण करण्यांत भीड धरूं नये.

आतां पैशाविषयीं. पुष्कळ घरें येथेंच फसतात. अमेरिकेंतील चांगल्या विद्यापीठांतून इंग्रजीच्या पीएच्. डी.साठीं विद्यार्थ्याकडून शिक्षणशुल्क घेत नाहींत. उलट निर्वाहवेतन देतात, आणि त्याच्या मोबदल्यांत कांहीं वर्षें पहिल्या वर्षाच्या मुलांस निबंधलेखन वगैरे शिकवून घेतात. हें वेतन वर्षास वीस हजार डॉलरांपासून पन्नास हजारांपर्यंत ठिकाणपरत्वें बदलतें. मोठ्या शहरांत चाळीस हजारहि पुरे पडत नाहींत. ज्या ठिकाणीं प्रवेश मिळाला पण वेतन नाहीं, तेथें जाऊं नये. ह्यास मी अपवाद ठेवीत नाहीं. वाङ्मयाच्या पदवीसाठीं काढलेलें कर्ज फेडणें किती कठीण, हें घर गहाण ठेवणाऱ्यास सांगावें लागूं नये. ह्याहून सूक्ष्म सांपळा असा कीं कांहीं विद्यापीठें पीएच्. डी.स नकार देतांना त्याच पत्रांत, 'आमच्या एक वर्षाच्या एम्. ए.स आपला विचार होऊं शकेल,' असें गोड शब्दांत कळवितात. त्या एका वर्षाचें शुल्क बहुधा पूर्ण घेतात. नामांकित विद्यापीठाच्या शिक्क्याचें पत्र आलें म्हणून घरांत पेढे वाटले जातात, आणि मागाहून हिशेब मांडला जातो. हिशेब आधीं मांडावा.

पैशावरून मार्ग कसा बदलतो, ह्याचें एक प्रसिद्ध उदाहरण आहे. कलकत्त्याच्या गायत्री चक्रवर्ती स्पिवाक १९६१ मध्यें उसने पैसे घेऊन कॉर्नेल विद्यापीठांत गेल्या. इंग्रजी विभागाकडून आर्थिक मदत मिळेना, म्हणून त्या तौलनिक साहित्याच्या विभागांत गेल्या, आणि तेथें कवि येट्सवर प्रबंध लिहून डॉक्टर झाल्या. पुढें त्यांचें नांव जगभर झालें तें बरेचसें त्या दुसऱ्या दारानें आंत गेल्यामुळें. आपले मराठी कथाकार विलास सारंग हेहि इंडियाना विद्यापीठांत तौलनिक साहित्याचाच अभ्यास करून डॉक्टर झाले. दोन-तीन भाषा ज्यांस चांगल्या येतात त्यांनीं हें दुसरें दार ठोठावून पाहण्यास हरकत नाहीं.

परंतु दार कोणतेंहि असो, आंतली खोली लहान होत चालली आहे, हें वडिलांनीं आणि मुलींनीं दोघांनींहि समजून घेतलें पाहिजे. अमेरिकेंतील भाषाध्यापकांची जी मॉडर्न लँग्वेज असोसिएशन, तिच्या जाहिरातपत्रांत २००७-०८ सालीं इंग्रजीच्या १,८०० हून अधिक जागा निघाल्या होत्या. २०१६-१७ सालीं त्या ८५० च्या घरांत आल्या. त्यांतहि कायमच्या नोकरीच्या सगळ्या नव्हत्या. २०२४ च्या नोव्हेंबरांत बोस्टन विद्यापीठानें पुढील वर्षापुरते इंग्रजी, इतिहास, तत्त्वज्ञान वगैरे डझनभर विषयांचे पीएच्. डी.चे प्रवेश थांबविल्याचें जाहीर केलें. तत्पूर्वीं तेथील विद्यार्थि-अध्यापकांनीं कित्येक महिने संप करून वेतन वाढवून घेतलें होतें. २०२५ च्या ऑगस्टमध्यें शिकागो विद्यापीठानेंहि आपल्या वाङ्मय व कला ह्या शाखेंत कांहीं विभागांचे प्रवेश थांबविले आणि कांहींचे कमी केले. म्हणून अर्ज करण्यापूर्वीं त्या वर्षीं तो विभाग मुळांत प्रवेश देत आहे कीं नाहीं, हें त्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावें. शुल्क भरल्यावर कळलें तर तें परत मिळत नाहीं.

परत येणाऱ्यांसाठीं आपल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत एक तरतूद केलेली होती: जागतिक क्रमवारींत पहिल्या पांचशेंत असलेल्या परदेशी विद्यापीठाची पीएच्. डी. असल्यास सहायक प्राध्यापकाच्या पदास पात्रता धरावी. पात्रता म्हणजे जागा नव्हे, आणि महाराष्ट्रांत प्राध्यापकांच्या भरतीची काय अवस्था आहे हें ह्या मासिकाच्या वाचकांस निराळें सांगण्याचें कारण नाहीं. ज्यांस घराजवळ राहून संशोधन करावयाचें असेल त्यांनीं नेटची परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन-शिष्यवृत्ति मिळवावी. ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. हा मार्ग कमी प्रतीचा समजण्याचें कांहीं कारण नाहीं; आगरकर किंवा देवल वाचावयास बोस्टनला जावें लागत नाहीं.

तरीहि जावें काय? एका वडिलांनीं लिहिलें आहे कीं मुलीचें वय आज चोवीस. ती परत येईल तेव्हां तीस-बत्तीस होईल, आणि हातीं नोकरीहि नसली तर काय? ही काळजी खोटी नाहीं. पण ती दोन निरनिराळ्या काळज्यांची गुंतवळ आहे, आणि त्यांपैकीं लग्नाची काळजी मी ह्या प्रश्नांतून वेगळी काढतों, कारण मुलगा असता तर ती पत्रांत आलीच नसती. उरते ती नोकरीची. सहा वर्षें कोणाचेंहि ऋण न करतां उत्तम ग्रंथालयांत बसावयास मिळालें, रोज वर्ग घ्यावयास मिळाला, आणि एक पुस्तकाएवढा प्रबंध लिहून झाला, तर प्राध्यापकपद न मिळतांहि तीं वर्षें तिला आपलीं वाटतील काय, हें तिलाच विचारावें. उत्तर देण्यास तिला थोडा अवधि द्यावा, व तें उत्तर होकारार्थी आलें तर त्याचा मान ठेवावा. ती नुसती अमेरिकेस जाऊं इच्छिते असें दिसलें, तर त्यासाठीं ह्याहून सोपे रस्ते पुष्कळ आहेत.

आतां वेळेचें सांगून हें पान पुरें करतों. अर्जाची मुदत बहुधा डिसेंबरांत किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यांत संपते. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्यें येतात. आणि वेतनासह जागा देऊं केली असेल तर बहुतेक विद्यापीठें १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुभा ठेवतात. त्यापूर्वीं उत्तर द्या अशी कोणी घाई केली, तर ह्या तारखेची नम्रपणें आठवण द्यावी. निबंधाचा पहिला खर्डा आदल्या वर्षाच्या दिवाळींत झाला पाहिजे, कारण तो निदान तीनदां फिरवून लिहावा लागेल. आणि आपल्या विद्यापीठाकडून सर्व सत्रांच्या गुणपत्रिका शिक्क्यानिशीं व बंद लिफाफ्यांत मिळवावयाच्या असल्या, तर त्यांचा अर्ज आजच टाकावा. तेवढ्या एका कामास मात्र गुणांपेक्षां खेपा अधिक लागतात.